आडवा आठ

मटन स्ट्रीटवर घेतला, शुक्रवारी.
विकणारा म्हणाला, शटर ऐका,
आणि माझ्या कानाशी धरून तीनदा वाजवलं.
डोळा लावून बघा, असं काही तो म्हणाला नाही.

घरी येऊन लावला.
आत चहाच्या तळाशी उरतो तसला उजेड,
कडेला बुरशीची एक बारीक फांदी,
आणि मधोमध, जिथे पिवळट चौकोन असतो,
जिथे एकाच वस्तूच्या दोन दिसतात
आणि कडं फिरवत फिरवत त्यांची एक करायची,
तिथे काहीच नव्हतं.
म्हणजे होतं. पण इतकं फिकं
की आहे असं धरून पाहिलं तरच दिसावं.
खालच्या झाकणावर खिळ्यानं ओरखडलेलं:
एम. डिमेलो, १९६७.

बोरा बाजारात तिसऱ्या मजल्यावर हकीमुद्दीनभाई.
त्यांनी वरचे तीन स्क्रू काढले, बशीत ठेवले,
बशीवर दुसरी बशी पालथी घातली,
पंखा चालू होता म्हणून,
आणि मला आरसा दाखवला.
नखाएवढा. निम्मा आरसा, निम्मी काच.
अर्धा उजेड पुढे जाऊ द्यायचा, अर्धा वळवायचा,
एवढंच त्याचं आयुष्यभराचं काम.
खाऱ्या हवेनं चांदी चाटून नेलेली.
"आता सगळंच जाऊ देतो," भाई म्हणाले,
"माझ्या सासऱ्यासारखा."

शिवाय दोन्ही प्रतिमा एका पातळीत नव्हत्या.
कितीही फिरवा, शेजारी येऊन उभ्या राहायच्या,
पण एक पायरीवर, एक रस्त्यावर.

त्यासाठी गच्चीत जावं लागतं.
भिंगाच्या कड्यावर शेवटी आडवा पडलेला आठ असतो,
अनंत. त्याच्यापुढे कडं फिरत नाही.
तो जुळवायला काहीतरी लांबचं लागतं
आणि न हलणारं.
पूर्वी ते भायखळ्याकडची एक चिमणी घ्यायचे.
चिमणी पाडली.
मग कुठल्याशा टाकीवरचा पाइप.
टाकीपुढे टॉवर आला.
हल्ली गोदीतली क्रेन.
"चालते," म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत."

एक वाजेपर्यंत थांबलो,
कोणाच्यातरी कुरडयांवर सावली पडू न देता.
क्रेन थांबली.
भाईंनी श्वास धरून
घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर आत घातला, केसभर फिरवला,
आणि वरची क्रेन खालच्या क्रेनवर
झाकण बसावं तशी बसली.
आमचा अनंत एवढाच:
बोरा बाजार ते गोदी, दुपारी एक ते दीड.

आणि फिकेपणाचं?
"टिकली आहे का? काळी. बारीक."
मी लावत नाही म्हटलं
तर त्यांनीच ड्रॉवरमधून पाकीट काढलं, भुलेश्वरचं,
अर्धं संपलेलं.
घरी एकदा सापडलं होतं खिशात, म्हणाले,
दोन दिवस जेवण गार मिळालं.
एक टिकली पुढच्या काचेवर मधोमध चिकटवली.
डोळ्याला इतकी जवळ
की टिकली म्हणून ती दिसतच नाही,
नुसती सावली होते.
सरळ समोरून येणारं जे,
त्याच्या बरोबर मध्यावर सावली,
आणि त्या सावलीत
बाजूच्या बारक्या खिडकीतून शिरलेलं, वळसा घेऊन आलेलं
एकदम उठून दिसलं. हळदीच्या बोटासारखं.

पहिला फोटो त्यांचाच काढला.
दोन हकीमुद्दीन, चष्म्याच्या चार काचा,
एकमेकांत सरकत सरकत
एक माणूस झाला. दाबलं.

आठवड्यानं प्रिंट घेऊन गेले.
कपाळ नाही. डोळेही अर्धेच.
"हा बिघाड नाही," ते म्हणाले,
बराच वेळ फोटो हातात धरून.
"खिडकी वर असते, भिंग खाली.
लांबच्याला फरक पडत नाही.
जवळ बसलेल्याचं डोकं जातं.
नवा होता तेव्हाही जायचं."

मी तर पुरते पाहिले होते.
प्रिंटवर मात्र चष्म्याची खालची कड, ओठ,
टेबल,
आणि बशीवर पालथी बशी,
तिच्या कडेचा टवकासुद्धा
स्वच्छ.